बदलत्या हवामानात वन्यजीव आणि भूप्रदेश संवर्धनाचं नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगल, पाणथळ, गवताळ माळ किंवा किनारा यांचे संवर्धन आराखडे करणाऱ्यांच्या बैठकांत काही प्रश्न हमखास निघतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घसरण्याच्या जागा जास्त आहेत.

हवामान बदलाचा विचार वेगळा कशाला करायचा? आहे ते संवर्धन नीट केलं तर पुरत नाही का?

ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचं वाळूचं बेट आहे. जेमतेम चार-पाच हेक्टरांचं, आणि सगळ्यांत उंच जागासुद्धा समुद्रापासून तीन मीटरांच्या आतली. तिथे मेलोमिस जातीचा एक उंदीर राहायचा, जगात फक्त तिथेच. त्याला वाचवण्याचा आराखडा २००८ मध्ये तयार झाला. समुद्राची वाढती पातळी आणि वादळं यांचा उल्लेख त्यात होता. पण आराखड्याच्या मुदतीत त्यांचा फारसा परिणाम होणार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य लिहून विषय मिटवला होता. तो उंदीर शेवटचा दिसला २००९ मध्ये. २०१४ मध्ये बेट पिंजून काढलं तेव्हा एकही सापडला नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. माणसाने घडवलेल्या हवामान बदलाचा पहिला सस्तन बळी म्हणून आता त्याचं नाव घेतात.

या हकिकतीत मला लाटांपेक्षा ते एक वाक्य जास्त खुपतं. आराखडा काही वर्षांचा, म्हणून धोकाही तेवढ्याच वर्षांत मोजायचा! असलं वाक्य आजही पुष्कळ आराखड्यांत सापडतं. बहुधा शेवटून दुसऱ्या प्रकरणात, दीड पान, पुढच्या-मागच्या कुठल्याही कामाशी संबंध नसलेलं.

प्रजाती खरंच जागा बदलत आहेत, की हे पुढचे अंदाज आहेत?

बदलत आहेत. २०११-२०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त होतं. तेवढ्याने काय होतं? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र तपासल्या होत्या. त्यात प्रजाती दर दशकात सुमारे १७ किलोमीटर ध्रुवांच्या दिशेने आणि ११ मीटर डोंगर चढून वर सरकताना दिसल्या. हे मधले आकडे. काही प्रजाती जागच्या हललेल्या नाहीत, तर काही पाण्याच्या मागे उलट खाली उतरल्या आहेत.

डोंगराचा हिशेब सोपा आहे. किलोमीटरभर उंची चढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सपाटीवर तेवढाच गारवा गाठायला शेकडो किलोमीटर तुडवावे लागतात. म्हणून डोंगराळ प्रदेश हाताशी असणं ही मोठी सोय. पण वर जावं तशी जागा आटत जाते, आणि शिखरावर पोचलेल्याला पुढे वाट नसते. संरक्षित क्षेत्राची हद्द मात्र राजपत्रात छापलेली असते. ती दशकाला १७ किलोमीटर सरकत नाही.

म्हणजे जुने उपाय मोडीत काढायचे?

मुळीच नाही. शिकार, अधिवासाचे तुकडे पडणं, प्रदूषण, परक्या वनस्पतींचं रान हे ताण कमी केले तर उन्हाळा सोसायला प्राण्यांच्या अंगात बळ उरतं. फक्त एक प्रश्न प्रत्येक कामापुढे लिहून ठेवा: हवामानामुळे हे काम कुठे, केव्हा किंवा किती करायचं, यात काय बदललं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर तेही चालतं. मात्र मग त्याच कामावर ‘हवामान अनुकूलन’ अशी नवी चिठ्ठी डकवू नका.

सुरुवात कुठून करायची?

उद्दिष्टांपासून. नकाशे आणि मॉडेलं नंतर. बहुतेक आराखडे ‘मूळ स्थिती टिकवणे’ किंवा ‘पूर्ववत करणे’ असं लिहून सुरू होतात, आणि कोणत्या सालची मूळ स्थिती हे कुठेच लिहिलेलं नसतं. एक कसरत करून बघा. आराखड्यातलं प्रत्येक उद्दिष्ट घ्या आणि विचारा, आणखी चाळीस वर्षांनी याच जागी हे शक्य आहे का? तीन ढीग पडतात. काही उद्दिष्टं तशीच टिकतात. काहींची जागा किंवा भाषा बदलावी लागते. उदाहरणार्थ ‘या तळ्यात अमुक बदक’ याऐवजी ‘या खोऱ्यात कुठे ना कुठे दर हंगामात त्या बदकाला पुरेल इतकं उथळ पाणी’. तिसऱ्या ढिगातली उद्दिष्टं सोडून द्यावी लागतात. या तिसऱ्या ढिगापाशी बैठकीत शांतता पसरते. चहा मागवला जातो. पण तो ढीग कागदावर आला नाही, तर पैसा आणि माणसं नेमकी तिथेच मुरत राहतात.

हवामानाच्या मॉडेलांवर किती विसंबायचं? आम्ही कोणता आकडा धरू?

एकच आकडा धरू नका. जागतिक मॉडेलं पृथ्वीला साधारण शंभर किलोमीटर बाजूच्या चौकोनांत वाटतात. एका चौकोनात तुमचा डोंगर, दरी, नदी आणि पलीकडचं पठार सगळं एकच. आकडे बारीक करून देण्याच्या पद्धती आहेत, पण नकाशा बारीक झाला म्हणून अंदाज पक्का झाला असं होत नाही. तापमानाच्या दिशेबद्दल मॉडेलांचं एकमत असतं. पावसाबद्दल पुष्कळदा नसतं. त्यात पुढे जग किती कार्बन सोडेल हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून कमी, मध्यम आणि जास्त उत्सर्जनाची वेगवेगळी चित्रं मांडली जातात.

कामाची पद्धत अशी: एकमेकांपासून खूप वेगळी, पण शक्यतेतली तीन-चार भविष्यं घ्या. एक तापलेलं आणि कोरडं. एक तापलेलं, पण चार दिवसांत महिन्याचा पाऊस ओतणारं. एक, ज्यात पावसाची बेरीज तीच, पण मधला खंड लांबलेला. प्रत्येक भविष्यात आपलं जंगल, पाणी, वणवे आणि आजूबाजूची माणसं काय करतील याची गोष्ट लिहा, अगदी महिनेवार. मग कामांची यादी घेऊन बसा. जी कामं सगळ्या भविष्यांत उपयोगी पडतात ती आज सुरू करा. जी एकाच भविष्यात उपयोगी आणि बाकीच्यांत घातक, त्यांना आत्ताच सिमेंट लावू नका.

आणि सरासरीच्या मोहात पडू नका. सरासरीने सहसा कुणी मरत नाही. एका आठवड्याच्या लाटेने मरतं.

कोणती प्रजाती किती धोक्यात आहे हे कसं ठरवतात?

तीन गोष्टी पाहतात: झळ किती लागणार, ती किती सोसवते, आणि जुळवून घ्यायची ताकद किती. उदाहरण समुद्री कासवाचं घ्या. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्यावर माद्या वाढत जातात. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथल्या किनाऱ्यांवरून आलेल्या पिल्लांत सुमारे ९९ टक्के माद्या निघाल्या. वरवर पाहिलं तर कासवं भरपूर, अंडी भरपूर, धोका शून्य. सोसण्याच्या रकान्यात काय लिहायचं हे प्राण्याच्या जीवनक्रमातच दडलेलं असतं, आणि ते शिरगणतीत दिसत नाही.

या मूल्यमापनात शेवटी गुणांचं कोष्टक येतं. कोष्टक उपयोगी असतं, पण माझा अनुभव असा की ३.४ आणि ३.६ यांच्यात चढाओढ लागते आणि मूळ कारण बाजूला पडतं. गुणांपेक्षा ‘का’ हा रकाना महत्त्वाचा. कृती त्यातूनच सुचते: घरटी तापत असतील तर सावली, ओलावा किंवा दुसरा किनारा.

प्राण्याला तापमान सोसत असेल तर काळजी मिटली ना?

नाही, कारण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. नेदरलँड्समधला पाइड फ्लायकॅचर हा छोटा पक्षी हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि वसंतात परत येतो. झाडांना पालवी लवकर फुटू लागली, पालवीवरचे सुरवंटही लवकर आले. पण आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला युरोपातली ऊब कळायची कशी? तो पोचून पिल्लं काढेपर्यंत सुरवंटांचा बहर ओसरलेला. जिथे सुरवंट सर्वांत लवकर येऊन जात, त्या भागांत या पक्ष्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घसरली. त्याला उन्हाने काही केलं नाही, ताट वाढायची वेळ चुकली. म्हणून नोंदी ठेवताना प्राण्यांच्या संख्येबरोबर तारखा हव्यात: फुलोरा, पहिली घरटी, पाणी आटल्याचा दिवस.

‘हवामानाचे आसरे’ म्हणजे काय? ते कसे शोधायचे?

भोवताली हवामान बदलत असताना जिथे बदल हळू पोचतो अशा जागा. सावलीचा उतार, खोल घळ, जिवंत झरा, धुकं अडणारा कडा, थंड हवा साचणारा खोलगट भाग. इंग्रजीत त्यांना रेफ्युजिया म्हणतात.

एकदा एका उतारावर तापमानाची नोंद घेणारी दोन छोटी यंत्रं ठेवायला गेलो होतो. एक उघड्या कातळावर, दुसरं खालच्या घळीत दगडाच्या फटीत. दुपारचे दोन. कातळावर तळहात टेकवत नव्हता. घळीत उतरून फटीत हात घातला, तर बोटांना ओल लागली, आणि आत एक बेडूक आधीच बसलेला. यंत्र ठेवायला मला त्याला जरा सरकवावं लागलं. दोन जागांमधलं अंतर तीस पावलं. मॉडेलच्या नकाशावर ती तीस पावलं एका ठिपक्यातही मावत नाहीत, पण त्या बेडकाचं सगळं जग तेवढंच.

म्हणून आसरे शोधायला उपग्रहाची चित्रं घ्या, उंचीचे नकाशे घ्या, आणि ज्यांचे पाय त्या रानात रोज असतात त्यांनाही विचारा. कोणता झरा सगळ्यांत वाईट वर्षीही वाहिला हे त्यांना तोंडपाठ असतं.

दोन धोक्याच्या सूचना. पहिली: आसरा सापडला म्हणजे सुरक्षित झाला असं नाही. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातला सिमा डोम हा जोशुआ झाडांसाठी असाच भरवशाचा भाग समजला जायचा. ऑगस्ट २०२० मधल्या आगीत तिथली अंदाजे १३ लाख झाडं होरपळली. आता जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात आशेचे पट्टे आधी ठरवून तिथलं आगीला खतपाणी घालणारं परकं गवत काढतात. ऑस्ट्रेलियातला वॉलेमी पाइन १९९४ मध्ये सापडला, तो एका दरीच्या आसऱ्यातच टिकून होता. २०१९-२०च्या वणव्यात तो वाचला, कारण हेलिकॉप्टरने जवान उतरवून दरीत पाण्याची तुषार यंत्रणा बसवली होती. दुसरी सूचना: कोणताही आसरा कायमचा नाही. स्वालबार्डचं बियाण्यांचं भांडार २००८ मध्ये कायम गोठलेल्या डोंगरात उघडलं, कारण तिथे काही वितळणार नाही असं धरलं होतं. २०१६ मध्ये त्याच्या प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाणं वाचलं, गृहीतक भिजलं.

प्रजातींची नेमकी माहितीच नसेल तर जागा निवडायची कशी?

रंगमंच वाचवा, नट बदलत राहतील. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची १४ राज्यं आणि ३ प्रांत यांच्या एका अभ्यासात (२०१०) कुठे किती प्रजाती आहेत हे खडकांचे प्रकार, उंचीतला फरक, अक्षांश आणि चुनखडी यांवरून बऱ्यापैकी अचूक सांगता आलं. प्रजाती आज इथे, उद्या तिथे. चुनखडीचा डोंगर तिथेच राहतो. म्हणून खडक, माती, उतार, उंची यांचं वैविध्य ज्या पट्ट्यात आहे तो हाताशी ठेवावा. आपली संरक्षित क्षेत्रं मात्र बऱ्याचदा शेतीला नकोशा झालेल्या उंच, खडकाळ जागी असतात. सखल, गाळाची जमीन त्यांत फारशी नसते. ही उणीव भरून काढणं हे या विचारातलं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाचं काम.

भ्रमणमार्ग तर आम्ही आधीच आखलेत. हवामानासाठी त्यात काय वेगळं?

दिशा. नेहमीचा कॉरिडॉर, म्हणजे प्राण्यांच्या येण्याजाण्याची जोडवाट, एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेतो. हवामानाचा कॉरिडॉर उष्ण जागेतून गार जागेकडे, सखल भागातून उंचीकडे, किंवा नदीच्या काठाकाठाने नेतो. दोन्ही टोकांना सारखाच उकाडा असेल तर वाटेचा उपयोग अर्धा.

बाकी नियम जुनेच. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गावरून जाणारे ६ पूल आणि खालून जाणारे ३८ मार्ग, सोबत कुंपण. त्यामुळे प्राणी-वाहन धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. ग्रिझली अस्वलांना मात्र सरावायला काही वर्षं लागली. पहिल्या वर्षाच्या कॅमेरा ट्रॅपवरून पूल फसला असं जाहीर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या येलोस्टोनपासून कॅनडातल्या युकॉनपर्यंत सलग पट्टा राखण्याची मोहीम १९९३ पासून चालू आहे, म्हणजे वाटा जोडायला एक पिढी जाते.

आणि वाट सगळ्यांसाठी उघडी असते: परकी प्रजाती, रोग, आग. बेटावरच्या उंदराला तर वाट देताच येत नव्हती. तिथे पुढचा प्रश्न येतो.

एखादी प्रजाती उचलून नव्या, गार जागी नेऊन सोडली तर?

याला सहाय्यित स्थलांतर म्हणतात. जिथे ती पूर्वी कधीच नव्हती तिथे न्यायची, म्हणून वादही मोठा. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये अशा हलवाहलवीसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. कुठलाही निर्णय त्यांच्याशी ताडून घ्यावा.

उदाहरणं आहेत. इंग्लंडमध्ये १९९९-२००० मध्ये दोन जातींची फुलपाखरं त्यांच्या तेव्हाच्या हद्दीच्या उत्तरेला सोडली, ती टिकली. ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या दलदलीतलं दुर्मीळ कासव, तिथला पाऊस घटत चालल्यामुळे, २०१६ पासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला सोडून पाहिलं जात आहे. मेक्सिकोत मोनार्क फुलपाखरं ज्या ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढतात, त्यांची रोपं अधिक उंचीवर लावून पाहिली आहेत. यात फुलपाखराला कुणी उचललं नाही, उद्याचं घर आज लावलं. मला हा प्रकार सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

फसल्याचंही उदाहरण घ्या. हवाईतल्या माउई बेटावरचा किविकिऊ हा पक्षी डासांमुळे पसरणाऱ्या पक्ष्यांच्या हिवतापाला अजिबात तोंड देऊ शकत नाही. २०१९ मध्ये त्याला पूर्वीच्या क्षेत्रातल्या एका पुन्हा वाढवलेल्या जंगलात नेलं. डास तिथे फारसे नसतील अशी अपेक्षा होती. पण ऊब वाढली तसे डास वर चढले होते, आणि बहुतेक पक्षी मेले. त्यानंतर तिथे आधी डासांचा बंदोबस्त सुरू झाला: ज्यांच्याशी जुगून मादीची अंडी फळत नाहीत असे नर डास २०२३ पासून सोडतात. क्रम लक्षात घ्या. नवी जागा गार आहे एवढं पाहून चालत नाही. तुमच्याआधी तिथे कोण पोचलंय ते पाहावं लागतं.

‘रोखा, स्वीकारा, वळवा’ हे काय प्रकरण आहे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेत आणि तिच्यासोबतच्या संस्थांत रुजलेली मांडणी. बदल समोर आला की तीनच रस्ते. रोखा: आहे ते आहे तसं टिकवायला झटा. स्वीकारा: होऊ द्या. वळवा: बदल होणारच आहे, तर त्याला त्यातल्या त्यात बऱ्या दिशेला न्या.

२०२१ च्या आगीत जनरल शर्मन या महाकाय सिकोयाच्या बुंध्याला ॲल्युमिनियमचं आवरण गुंडाळलं होतं. हे रोखणं, आणि एका झाडासाठी ते योग्यच. पण अख्खं रान गुंडाळता येत नाही. दुसऱ्या टोकाला मेरीलँडमधलं ब्लॅकवॉटर अभयारण्य बघा. १९३० च्या दशकापासून तिथली सुमारे दोन हजार हेक्टर दलदल पाण्याखाली गेली. तिथल्या नियोजनात काही पट्टे गाळ टाकून उंच करायचे ठरलं, काही जाणार हे मान्य झालं, आणि दलदल जिकडे सरकणार तिकडची जमीन आधीच राखायची असं ठरलं. तिन्ही रस्ते एकाच नकाशावर.

‘स्वीकारा’ म्हणजे हात झटकणं, असा आक्षेप हमखास येतो. फरक कागदावर दिसतो. काय जाणार, त्याबदल्यात काय येणार आणि ते का चालेल हे लिहून ठेवलं असेल तर तो निर्णय. लिहिलं नसेल तर नुसतं दुर्लक्ष.

उन्हाळा वाढतोय, मग पाणवठे वाढवावेत ना?

सरसकट नको. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात १९३० च्या दशकापासून शेकडो बोअर घेऊन कृत्रिम पाणवठे केले. उत्तरेकडच्या कोरड्या, उंच गवताच्या भागातही पाणी आलं, तसे झेब्रे आणि विल्डबीस्ट तिथे शिरले. त्यांच्यामागे सिंह आले. तिथे पूर्वापार तुरळक राहणारं रोन हे कुरंग १९८६ मध्ये ४५० च्या आसपास होतं, ते १९९३ पर्यंत ४५ च्या आसपास आलं. १९९० च्या दशकात पाणवठे बंद करायला सुरुवात झाली. कोरडेपणा हाच ज्याचा आसरा होता, त्याच्या दारात आपण पाणी नेलं.

पाणवठ्याचा हौद भरतानाचा फोटो छान येतो, म्हणून मागणी कायम राहील. तरीही आधी झरे, ओढे आणि मातीतली ओल सावरा. मग अगदीच निकड असेल तर पाणवठा, आणि तो बंद कधी करायचा हे सुरू करतानाच ठरवा.

झाडं लावली की हवामान आणि वन्यजीव दोन्ही साधतात, खरं ना?

जिथे जंगल होतं तिथे स्थानिक जाती लावल्या तर, हो. गवताळ माळावर आणि सव्हानात (विरळ झाडांच्या गवताळ रानात), नाही. तिथला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. आग लागली तर वरचं जळतं, खालचं राहतं. माळावर दाट झाडी उभी केली तर माळरानाचे पक्षी आणि चरणारे प्राणी बेघर होतात, ओढ्याचं पाणी घटू शकतं, आणि वणवा आला तर साठवलेला कार्बन पुन्हा हवेत. रिकामा दिसतो म्हणून माळ पडीक नसतो.

जमीन कायमची राखून ठेवणं परवडत नसेल तर?

थोड्या काळासाठी मिळवा. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात २०१४ पासून एक प्रयोग चालतो. स्थलांतरित पक्षी कोणत्या आठवड्यांत कुठे उतरतात हे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून काढतात, आणि भातशेतीवाल्यांना त्या काही आठवड्यांपुरतं शेतात पाणी भरून ठेवायला पैसे देतात. किती पैशांत करणार हे शेतकरीच सांगतात. पुढच्या वर्षी पाऊस वेगळा, पक्ष्यांची वाट वेगळी, तर शेतंही वेगळी. मात्र घरटं बांधणाऱ्या किंवा शंभर वर्षं वाढणाऱ्या जीवाला हा उपाय लागू नाही. २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचं जे लक्ष्य २०२२ मध्ये जैवविविधतेच्या जागतिक कुनमिंग-माँट्रिअल आराखड्यात ठरलं, ते गाठताना कोणती जागा कायमची हवी आणि कोणती हंगामापुरती, हे वेगळं मांडलं तर पैसा पुरतो.

आजूबाजूच्या लोकांना आराखड्यात कुठे बसवायचं?

पहिल्या पानावर. हवामान बदललं की माणसंही हलतात: पीक बदलतात, गुरं वर नेतात, नवी विहीर खणतात, समुद्राला भिंत घालतात. पुष्कळदा प्राण्यांवर या दुसऱ्या लाटेचा घाव आधी पडतो. किनाऱ्यावर भिंत उभी राहिली की मागे सरकू पाहणारी खारफुटी पाणी आणि काँक्रीट यांच्यात चेपली जाते. हे तुमच्या भविष्यांच्या गोष्टीत आलंच पाहिजे.

आणि ज्ञान त्यांच्याकडे असतं. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम अर्नहेम लँडमध्ये आदिवासी रखवालदार कोरडा हंगाम सुरू होतानाच छोट्या, थंड आगी लावतात, म्हणजे हंगामाच्या अखेरचा मोठा वणवा पेटायला काही उरत नाही. २००६ पासून तिथे या कामाला उत्सर्जन घटवल्याबद्दल पैसेही मिळतात. बैठकीला बोलावून सही घेणं म्हणजे सहभाग नव्हे. आग केव्हा लावायची हे तिथे तेच ठरवतात.

आराखडा किती वर्षांचा असावा? मध्येच बदलला तर चालतं?

कामं पाच-दहा वर्षांची, नजर पन्नास वर्षांची. आणि बदलायची अट आराखड्यातच घाला. ‘झरा सलग दोन वर्षं अमुक महिन्याआधी आटला तर’, ‘आगीनंतर पाच वर्षांत रोपं उगवली नाहीत तर’ अशी खूणगाठ, आणि तिच्यापुढे कोण काय करणार हे. संकट आल्यावर खूण ठरवायला बसलात तर ती हमखास पुढे ढकलली जाते.

अमेरिकेत मॅलार्ड बदकांच्या शिकारीचे नियम १९९५ पासून या धर्तीवर ठरतात. बदकं का वाढतात-घटतात याची एकापेक्षा जास्त मॉडेलं ठेवतात, प्रत्यक्ष मोजणीशी ताडतात, आणि ज्याचा अंदाज खरा निघाला त्याचं वजन पुढच्या वर्षी वाढवतात. तिथे वाद कुणाचं खरं यावर सुरू झाला तरी मिटतो मोजणीवर.

सगळं वाचवता येणार नसेल, तर काय सोडायचं हे कुणी ठरवायचं?

ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्यासमोर, उघडपणे. शास्त्र काय शक्य आहे ते सांगतं. काय मोलाचं ते शास्त्र सांगत नाही. तज्ज्ञांनी बंद खोलीत यादी केली तर ती बाहेर आल्याबरोबर फाटते. आणि सोडलेल्या प्रजातीसाठीही काही उरतं: बियाणं जपणं, बंदिस्त प्रजनन, निदान शेवटपर्यंत नोंद.

आमच्याकडे आकडेच नाहीत. थांबावं का?

थांबू नका. एक वही घ्या. पहिला पाऊस, पहिला फुलोरा, ओढा थांबल्याची तारीख, वणवा कुठून आला. तापमान नोंदवणारी चार-पाच यंत्रं घ्या: एक माथ्यावर, एक पाण्याजवळ, एक सावलीत, एक उघड्यावर, आणि जमलं तर एक दगडाच्या फटीत. यंत्रावर ठेवल्याची तारीख लिहा आणि जागेचा फोटो काढून ठेवा. वर्षभराने परत गेल्यावर यंत्र कोणत्या दगडाखाली ठेवलं होतं ते आठवत नाही, हे मी तीनदा करून बसलो आहे.